पोळ्याची झूल आणि श्वानाचा कोट

पोळ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो. या विधीला खांदमळणी म्हणतात. वर्षभर जोखड वाहिलेल्या खांद्यावरून हात फिरतो तेव्हा कुठे सूज आहे, कुठे कातडी सोलवटली आहे, कोणत्या बाजूला बैल अंग चोरतो, हे त्या हाताला आपोआप कळते. दुसऱ्या दिवशी नदीवर किंवा ओढ्यावर स्नान होते. शिंगे साळून त्यांना हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात, आणि सर्वांत शेवटी अंगावर झूल येते. त्या दिवशी मानेवर जू ठेवले जात नाही. पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य होतो. मुक्या प्राण्याला नटविण्याची हौस या समाजाला नवी नाही. मात्र तिचा एक क्रम ठरलेला आहे. प्रथम जखम पाहायची, मग अंग धुवायचे, मग विश्रांती द्यायची, आणि झूल चढवायची ती त्यानंतर.

महानगरांतील पाळीव कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. मुंबई-पुण्यातील दुकानांत श्वानांसाठी जरीची शेरवानी मिळते, पावसाळी कोट मिळतात, बूट, टोप्या आणि गॉगलही मिळतात. वाढदिवसाला केक कापला जातो, केशकर्तनालयात नखांना रंग दिला जातो, आणि त्याच कुत्र्याच्या कानात महिनोन्‌महिने पू साचलेला असतो. लसीची वार्षिक तारीख उलटून गेलेली असते, पण वाढदिवसाची तारीख कोणी विसरत नाही. दिवाळीतील दृश्य तर विशेष बोलके असते. अंगावर शेरवानी चढवलेला कुत्रा फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली थरथरत बसलेला असतो आणि घरातील मंडळी छायाचित्रासाठी त्याला बाहेर ओढत असतात. त्या घटकेला त्याला हवी असते ती खिडक्या लावलेली एक शांत खोली आणि ओळखीच्या माणसाचा शेजार.

या साऱ्यावर ‘कुत्र्याचे कसले लाड करता?’ असे नाक मुरडणारेही थोडे नाहीत. त्यांचेही चुकते. ऋग्वेदातील सरमा पणींनी लपविलेल्या गाई शोधून काढते. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ तिच्या पिल्लाला विनाकारण मारतात, तेव्हा ती राजाच्या यज्ञात येऊन जाब विचारते आणि राजा निरुत्तर होतो. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे युधिष्ठिर सोबतच्या श्वानाला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नकार देतो. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, भैरवाचे वाहन श्वान आहे, खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले जाते. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात गृहस्थाने जेवण्यापूर्वी इतर जीवांचा भाग काढून ठेवायचा असतो, त्यात श्वानाचाही वाटा आहे. नेपाळात आजही नरक चतुर्दशीला ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. घरच्याच नव्हे, तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात आणि पोटभर खाऊ घालतात. त्या माळेसाठी कोणालाही दुकानात जावे लागत नाही.

श्वानाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी मुख्यतः व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधून आली. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळ्या, रंग, उंची, नाकाची लांबी यांची मापे ठरू लागली. याच काळात जेम्स स्प्रॅट नावाच्या उद्योजकाने कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्याचा धंदा जोरात चालविला. त्याच्या पेढीत विक्रेता म्हणून वाढलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये आपल्या नावाने श्वानप्रदर्शन भरविले. आज जगभर गाजणारे ‘क्रफ्ट्स’ ते हेच. बिस्किटांचा विक्रेताच प्रदर्शनाचा जनक व्हावा, यात नवल काही नाही. पूडल जातीचा जो नखरेल केशसंभार आज केवळ शोभेचा वाटतो, त्याच्या मुळाशीही एक उपयुक्त कारण सांगितले जाते. पाण्यात उतरून शिकार आणणाऱ्या त्या कुत्र्याला पोहणे सुकर व्हावे म्हणून केस कापत, आणि छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तेवढेच केस ठेवत. कारण विस्मृतीत गेले आणि नखरा तेवढा उरला. चपट्या नाकाच्या पगचे दुःख याहून मोठे आहे. तोंड जितके चपटे तितके ते गोंडस, या हट्टापायी पिढ्यान्‌पिढ्या जी निवड झाली, तिने त्याचा श्वासमार्गच आखडून टाकला. त्याचे घोरणे ऐकून लोक हसतात. ते घोरणे म्हणजे श्वासासाठी चाललेली धडपड असते.

प्राण्यांच्या थाटाचा विषय निघाला की जुनागढची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथील अखेरचा नबाब महाबतखान याने शेकडो कुत्री पाळली होती आणि एका लाडक्या कुत्रीचे लग्न राजेशाही थाटात लावल्याची कथा प्रसिद्ध आहे. गीरच्या सिंहांना त्याने संरक्षण दिले, हेही त्याच्या नावावर जमा केले पाहिजे. परंतु १९४७ मध्ये बहुसंख्य हिंदू प्रजेचे संस्थान पाकिस्तानात विलीन करण्याचा घाट घालून, तो फसताच हा गृहस्थ आपल्या कुत्र्यांसह विमानाने कराचीला निघून गेला आणि प्रजा मागे राहिली. याच जुनागढच्या गिरनार पर्वतावर दत्तात्रेयांचे स्थान आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या शिळेवर माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे सांगणारा सम्राट अशोकाचा लेख आहे. प्राण्यांविषयीचे दोन दृष्टिकोन एकाच गावात इतके शेजारी शेजारी क्वचितच पाहायला मिळतील.

आता प्रत्यक्ष निगेविषयी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापणे. मे महिन्याच्या उकाड्यात त्याला जाड कोट आणि चारी पायांत बूट घालणे म्हणजे शरीरातील उष्णतेच्या वाटा बंद करणे होय. सायबेरियन हस्कीसारख्या जातींना केसांचा दुहेरी थर असतो. ऊन वाढले म्हणून तो मुळापासून भादरून टाकणारे मालक त्याला सुख देत नाहीत, उलट उन्हापासूनचे नैसर्गिक कवच काढून घेतात. कपड्यांना सरसकट नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. उत्तरेतील कडक थंडीत आखूड केसांच्या, सडपातळ किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला लोकरीचे वस्त्र खरोखर आधार देते. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून घातलेला अंगरखाही उपयोगाचा असतो. हिमालयात मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असतो, तो बिबट्या आणि लांडग्याने नरडे धरू नये म्हणून. वस्त्र किंवा आभूषण कोणासाठी आहे, प्राण्यासाठी की पाहणाऱ्यासाठी, एवढेच विचारले तरी बहुतेक प्रश्न सुटतात. पावसाळ्यात भिजलेला कोट अंगावर तसाच राहिला तर त्याखाली कातडी ओली राहते, केसांच्या गाठी होतात आणि चट्टे पडतात. कोट नसता तर कुत्र्याने अंग झाडून मोकळे केले असते.

खरी निगा दिसायला अगदी साधी असते. रोज दहा मिनिटे अंगावरून ब्रश फिरवावा. घोड्याच्या खराऱ्याचाच हा प्रकार. त्याच वेळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड आहे का ते पाहावे. गोचिडीमुळे येणारा ताप रक्तातील पेशी नष्ट करतो आणि हिरड्या पांढुरक्या पडेपर्यंत अनेकांच्या लक्षातही येत नाही. माणसाचा साबण कुत्र्याला लावू नये. त्याची कातडी माणसाच्या कातडीहून पातळ असते, तिची आम्लताही वेगळी असते, आणि वारंवार साबण लागल्याने ती कोरडी पडून खाज सुटते. फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली असे समजावे. लूत आणि साधी खरूज यांतील फरक दुकानदाराने सांगायचा नसतो, तो पशुवैद्याने त्वचा खरवडून तपासायचा असतो. खाण्याच्या बाबतीत तर प्रेमच घातक ठरते. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे हे कुत्र्यासाठी विष आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणेही त्यात आले. प्रसाद घरातल्या प्रत्येक जीवाला मिळावा ही भावना सुंदर आहे. कुत्र्याचा वाटा बेदाणे घालण्यापूर्वी बाजूला काढला की भावना आणि जीव दोन्ही राहतात.

मांजराची गोष्ट निराळी. ते आपले अंग आपल्या जिभेने स्वच्छ करते, आणि कपडा घातला की बहुतेक मांजरे एका बाजूला कलंडतात किंवा गोठल्यासारखी बसून राहतात. लोकांना ते गमतीचे वाटते. मांजरासाठी ते हालचाल हिरावली गेल्याचे लक्षण असते. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची पुरेशी क्षमता त्याच्या यकृतात नसते. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीडनाशकांत पर्मेथ्रिन असते, तेही मांजराला मारक आहे. येथे एक अप्रिय वाटणारी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनेक शाकाहारी घरांत मांजरालाही दूधभातावर ठेवण्याचा आग्रह असतो. मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि तो न मिळाल्यास डोळे व हृदय निकामी होत जाते. बऱ्याच प्रौढ मांजरांना दूधही पचत नाही. आपला आहारधर्म मांजरावर लादणे हे सात्त्विकतेचे लक्षण नव्हे. ज्यांना ते मान्य होत नाही, त्यांनी मांजर न पाळणे हाच प्रामाणिक मार्ग. कुत्र्याचे तसे नाही. योग्य सल्ल्याने ठरविलेल्या मिश्र आहारावर तो सुखाने राहतो.

हस्की आणि सेंट बर्नार्ड यांना वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणाऱ्या देशात मुधोळची उपेक्षा व्हावी, याला काय म्हणावे? मुधोळचे संस्थानिक राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही सडपातळ, चपळ जात दख्खनच्या उन्हात सहज नांदते. केस इतके आखूड की केशकर्तनालयाची गरज नाही. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये मुधोळ, राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांची तिकिटे काढली. पुढे लष्करानेही मुधोळला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिले, आणि ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशी श्वान पाळण्याचे आवाहन केले. व्यापारी प्रजननासाठी विदेशी कुत्री आयात करण्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, ते योग्यच होते. परंतु देशी जातीही ‘फॅशन’ म्हणून विकत घेतल्या जाऊ लागल्या तर त्यांचीही गत तीच व्हायची. मुधोळ हा धावणारा कुत्रा आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत तो सुखी राहणार नाही. अशा घरासाठी रस्त्यावरील देशी पिल्लू अधिक योग्य आहे, आणि ते विकत घ्यावे लागत नाही.

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईतील भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्याच नगरीत पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय उघडले. भटक्या कुत्र्यांना आपल्या समूहाच्या मुख्यालयात आसरा देणाऱ्या रतन टाटा यांचे ते स्वप्न होते. करुणेची ही परंपरा उज्ज्वल आहे. तरीही रेबीजने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मरणाऱ्यांत गरिबांची मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या आई-वडिलांना करुणेवरचे प्रवचन ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो सुधारून, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्यावर दोन्ही बाजूंनी जो कलकलाट झाला, त्यात लस टोचणाऱ्या हातांची संख्या वाढविण्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

गोव्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते, या हिशेबाने तेथे २०१४ पासून दरवर्षी सामूहिक लसीकरण झाले, शाळाशाळांतून मुलांना शिकविले गेले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. केंद्र सरकारने श्वानजन्य रेबीजच्या उच्चाटनासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे. महाराष्ट्रातील शहरांना गोव्याचा मार्ग अवघड नाही. गणेशोत्सव मंडळे रक्तदान शिबिरे उत्तम भरवितात, सेवावस्त्यांत आरोग्य शिबिरे चालतात. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात प्रत्येक प्रभागात एक पशुवैद्य, लसीची शीतपेटी, कुत्री पकडण्याचा सराव असलेली चार माणसे आणि टोचलेल्या कुत्र्यावर खूण करण्यासाठी रंग, एवढी सिद्धता पुरते. ज्या घरात कुत्र्यासाठी शेरवानी शिवली जाते, त्या घराने आपल्या इमारतीच्या दारात झोपणाऱ्या दोन कुत्र्यांची नावे त्या शिबिराच्या वहीत नोंदवावीत आणि पुढल्या वर्षी त्याच तारखेला त्यांना पुन्हा घेऊन यावे.