एकवीरेची परतभेट

लोणावळ्यात घर असले की सहलीला जायचे नसते, सहली आपल्याकडे येतात. पावसाळ्यात रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे! तेव्हा आम्ही बाहेर पडायचे ठरवले, ते जिथे कोणी फारसे जात नाही तिथेच: थळसमोरच्या खांदेरी बेटावर.

मावळाचे आणि त्या पाण्याचे नाते जुने आहे. दर चैत्रात कोळी मंडळी पालख्या घेऊन घाट चढतात आणि कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी येतात. त्यांच्या वेताळाचे ठाणे खांदेरीवर आहे. पण आमच्यापैकी तिकडे कितीजण गेले? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आमचा लोहगड आणि त्यांची खांदेरी एकाच यादीत घातली. म्हणजे आता गर्दी तिकडेही वळेल. त्याआधी गेलेले बरे.

१६७९ साली महाराजांनी ते बेट बांधायला घेतले, तेव्हा मुंबईचे इंग्रज गलबते घेऊन आडवे आले. मायनाक भंडारी डगमगला नाही. थळहून लहान होड्या रात्री रसद पोचवीत. मोठ्या जहाजांना त्या सापडत नसत. पुढे १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. खांदेरीवरचे दीपगृह १८६७ चे.

इतिहास सोपा, बेत अवघड. खोपोली, पेण, अलिबाग, थळ हा रस्ता आमचा. पुढचे सारे तिथीवर. कोकणात साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अदमासे. नवमीला पावणेसात, म्हणून ओहोटी एकच्या सुमारास. शिवाय अष्टमी-नवमी म्हणजे भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार कमी. पौर्णिमेचे चांदणे कितीही मोहक असले तरी ते उधाण कवींना लखलाभ! आम्ही कार्तिक शुद्ध नवमी धरली. आदल्या रात्री मुक्काम अलिबागला, पहाटे होडीत, चारच्या आत परत. दीपगृहामुळे परवानगीची चौकशी आधी करायची, आणि पिण्याचे पाणी इथूनच न्यायचे.

खरा वाद निघाला तो आईवरून. वय अठ्ठ्याहत्तर. धाकटा भाऊ म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी तिला समजवा." सौ. म्हणाली, "भावजी, एकवीरेच्या पायऱ्या त्या यंदाही चढल्या. तुम्ही निम्म्यावर बसला होता." तांडेलांना फोन केला. ते म्हणाले, भरतीला आजींना हात देऊन घेऊ. पण त्या सकाळी वारा फिरला तर होडी सुटणार नाही, मग रागवायचे नाही. हा माणूस मला पटला. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याच्या होडीत मी पाऊल टाकणार नाही.

अडले आहे ते निराळेच. त्यांच्याकडे लाइफ जॅकेटे सहा आणि आम्ही सात. सातवे मिळाले नाही तर थळच्या वाळूत मी थांबेन, असे सांगून टाकले आहे. आईने वेताळासाठी नारळ घेऊनसुद्धा ठेवला.