जुन्या गाडीचा धनी कोण?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

नवी मोटारसायकल घ्यावी की जुनी, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांत पडतच नाही. खिसाच त्याचे उत्तर देऊन मोकळा होतो. प्रश्न पडतो तो त्याच्या पुढचा : जुन्या दोन गाड्यांपैकी कोणती? मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत सध्या याच प्रश्नावर रोज रात्री जेवणानंतर सभा भरते. दादा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, अण्णा अध्यक्ष आणि आई दोन्ही गाड्यांच्या विरोधात! घरातली ही भांडणे वार्षिकांकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण जालन्यात आणि आसपासच्या खेड्यांत आज कितीतरी घरांतून हीच चर्चा चालली असेल, आणि पुष्कळ ठिकाणी तिचा निकाल गाडीच्या रंगावर नि आवाजावर लागत असेल, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आमची बाजू सांगते. दादा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात कामाला आहे. जालन्याहून वाळूज सुमारे पाऊणशे किलोमीटर. आठवडाभर तो तिकडेच खोली करून राहतो आणि सुटीला घरी येतो. आधी एसटी, मग छत्रपती संभाजीनगरात उतरून दुसरे वाहन, यात सुटीचा बराच वेळ रस्त्यातच संपतो. अण्णा मोंढ्यात हमाली करतात. त्यांची मजल सायकलीच्या पुढे गेली नाही. दादाने दहावीनंतर शाळा सोडून काम धरले, म्हणून मी आज कॉलेजच्या बाकावर बसले आहे. तेव्हा त्याने तीन वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पन्नास हजारांवर मी किती बोलावे, हे मला कळते. तरीही बोलते. कारण पैसे त्याचे असले तरी पुढचा भार साऱ्या घराचा आहे.

दादाला शंभर सीसीची साधी गाडी नको. त्याला हवी आहे लांब पल्ल्याची, पळणारी, छातीवरचा वारा अडवणारे कवच असलेली. या जातीच्या गाड्यांना ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणतात. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली ‘आर १०० आरएस’ ही पूर्ण कवचाची गाडी काढली, तिच्यापासून हा प्रकार जगात रुजला असे मानतात. कल्पना साधी : दिवसभर वेगाने जावे, पण मुक्कामी उतरताना अंग मोडलेले नसावे. तसल्या मोठ्या गाड्या आपल्या सामान्य माणसाच्या हाती लागणे कठीण. आपल्याकडे ही हौस मुख्यतः दोन गाड्यांनी भागवली. एक हीरो होंडाची करिझ्मा. ही २००३ साली आली. इंजिन २२३ सीसी, ताकद सुमारे १७ अश्वशक्ती. दुसरी बजाजची पल्सर २२०. ती २००७ साली आली आणि २००९ पासून साध्या कार्ब्युरेटरच्या रूपात स्वस्त होऊन गावोगाव पोचली. ताकद सुमारे २१ अश्वशक्ती. पहिलीच्या जाहिरातीत हृतिक रोशन होता, तर दुसरीची जाहिरात तिला सर्वांत वेगवान भारतीय म्हणवीत होती. दादाच्या वयाच्या मुलांनी या दोघींची चित्रे वहीच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली होती.

आता आमच्यापुढे आलेल्या दोन गाड्या. करिझ्मा २०११ सालची, जालन्याच्याच एम एच २१ नंबरची. मागणी चाळीस हजार. पल्सर २०१९ सालची, एम एच २० नंबरची. मागणी बासष्ट हजार. दादाचे मन करिझ्मावर बसले आहे. चाळीसात गाडी येते, वर दहा हजार दुरुस्तीला उरतात, असा त्याचा हिशेब.

करिझ्माची बाजू खोटी नाही, हे आधीच कबूल करते. तिचे इंजिन शांत आणि टिकाऊ म्हणून नावाजलेले आहे. बैठक सलग आहे, त्यामुळे मागे बसणाऱ्याला पल्सरच्या दोन तुकड्यांच्या उंच बैठकीपेक्षा सोपे जाते. आईला लुगडे नेसून एका अंगाने बसायचे आहे, ही गोष्ट माझ्या मते अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाची! पेट्रोल दोघी जवळजवळ सारखेच पितात. नुसत्या बसण्या-चालवण्याचा प्रश्न असता तर मीही दादाच्या बाजूने हात वर केला असता.

पण वेगाचे कौतुक मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वेगासाठीच बांधला आहे, आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे वेगवान गाडी घेऊनही दादाला जायचे आहे ते जुन्याच रस्त्याने : ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या आणि अचानक आडवी येणारी गुरे यांच्यामधून. अशा रस्त्यावर गाडी किती पळते यापेक्षा ती किती लवकर आणि सरळ थांबते हे पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी सोय. आमच्या समोरच्या पल्सरला ती पुढच्या चाकाला आहे, करिझ्माला नाही. पावसाळ्यात रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागू नये.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. करिझ्मा बंद झाली. २०२३ साली त्याच नावाने नवी गाडी आली, पण तिचे इंजिन २१० सीसीचे आणि पाण्याने थंड होणारे. जुनीचा तिच्याशी नावापुरताच संबंध. पल्सर २२० मात्र २०२२ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला : “पल्सरचा माल दुकानात मिळतो, करिझ्माचा शोधावा लागतो.” सोमवारी सकाळच्या पाळीला वाळूजला हजर राहायचे असणाऱ्याला शोधत बसायला सवड कुठली?

इथपर्यंतच्या मुद्द्यांवर दादाशी तडजोड झाली असती. खरा वाद पुढे आहे.

करिझ्मा विकणारा गृहस्थ तिचा नोंदलेला मालक नाही. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याने ती दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने याला. मधल्या काळात नाव कोणीच बदलले नाही. “सह्या केलेले फॉर्म आहेत, पाहिजे तेव्हा नावावर करून घ्या,” असे तो म्हणतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून मऊ पडलेले कागद दाखवतो. फॉर्मवर सही आहे, तारीख नाही. विकत घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. असे कागद आपल्या गावात नवे नाहीत. वर्षानुवर्षे गाड्या अशाच पिशवीतल्या कोऱ्या फॉर्मांवर हात बदलत राहतात, आणि “काही होत नाही” हे त्यामागचे तत्त्वज्ञान असते.

काही होते ते असे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठीच फॉर्म २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ वेगळा. हे केले नाही आणि अपघात झाला तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी याचे उत्तर दिले आहे. तिथेही गाडी हातोहात विकली गेली होती आणि नाव पहिल्याचेच राहिले होते. न्यायालयाने सांगितले, पुस्तकावर ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची.

दादा म्हणतो, “मग बरेच झाले, आपल्यावर काही येत नाही.” इथेच माझा जीव अडतो. त्या आरसीवरचा माणूस कोण, कुठला, आम्हाला माहीत नाही. तोही आमच्यासारखाच कोणी असेल. गाडी विकून विसरूनही गेला असेल. आमच्या हातून रस्त्यावर काही घडले तर नोटीस त्याच्या दारात जाईल. आणि उद्या आम्ही हीच गाडी पुढे विकली, म्हणजे साखळीत आणखी एक कडी वाढली. शिवाय ही सुटका एकाच बाबतीतली आहे. गाडी पोलिसांनी अडवली, चोरीला गेली, किंवा मूळ मालकाने उद्या हक्क सांगितला, तर ती आपली आहे हे दादा कशावरून सिद्ध करणार? त्यात २०११ च्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षे भरत आलेली. पुढे पाच वर्षांसाठी नोंदणी नवी करायची तर गाडी तपासणीला न्यायची, फी भरायची, आणि हे सारे पुन्हा नोंदलेल्या मालकाच्या नावाने. चाळीस हजारांची गाडी चाळीस हजारांत पडत नाही ती अशी.

आमचा मस्तगड १७२५ साली निजाम-उल-मुल्कच्या हुकमावरून काबिलखानाने बांधला. गडीवर बांधकामाचे साल सांगणारा फारसी शिलालेख आहे. तीनशे वर्षांनी आज मी हे साल लिहू शकते ते कोणीतरी नोंद ठेवली म्हणून. त्याच वस्तीत तीन हात बदललेल्या गाडीचा धनी कोण हे मात्र सांगता येऊ नये, याला काय म्हणावे?

पल्सरचा मालक आरसीवरचाच आहे. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आहे, बोजा उतरला आहे, विमा चालू आहे. गाडी घेतल्यावर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. पुढे या गटातल्या, म्हणजे १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक मूळ हप्ता २०२२ च्या दराने १३६६ रुपये पडतो. हेही घरखर्चाच्या वहीत आधीच मांडावे. अडचण एकच, बारा हजार कमी पडतात. माझे म्हणणे, चार महिने थांबावे. ही गाडी तोवर गेली तर दुसरी येईल. दादा यावर चिडतो. “चार महिने एसटीत तू बसणार आहेस का?” असे विचारतो. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. थकून आलेल्या माणसाला थांब म्हणणे सोपे आहे, आणि म्हणणारी मी घरी बसून म्हणते आहे. परवा तो असेही म्हणाला, “तू शिकलीस, म्हणून तुला भीती जास्त वाटते.”

या वाक्याचा मी खूप विचार केला. आमच्या घरी आजवर जे जे कागद आले, त्यांवर अण्णांनी वाचून कधी सही केली नाही. समोरच्याने बोट ठेवले तिथे केली. नळाचे असोत, रेशनचे असोत की सावकाराचे. न वाचता सही करणाऱ्याला भीती वाटत नाही हे खरे, पण ते धैर्य नव्हे. इंग्रजी कागद वाचणारी मी आमच्या घरातली पहिली आहे. करिझ्माचे ते फॉर्म मी हातात घेतले तेव्हा विकणारा हसून म्हणाला, “ताई, मुलींना गाडीतले काय कळते?” गाडीतले मला थोडेच कळते. कोऱ्या जागेचा अर्थ मात्र कळतो.

ज्यांच्या घरी असाच विचार चालू असेल त्यांनी एवढे तरी करावे. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना सुरू करून घ्यावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष लपवते. निळसर धूर निघाला तर ते ऑइल जाळते आहे असे समजावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यावरून टायरचे वय कळते. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. आणि विकणाऱ्याचे नाव आरसीवर नसेल तर, गाडी कितीही आवडली असली तरी, बयाणा देऊ नये. आधी नाव, मग पैसे.

दादाने अजून बयाणा दिलेला नाही. निर्णय त्याचा आहे आणि तो जो घेईल त्यात मी त्याच्या मागे बसेन. पण माझे मत मी त्याला सांगितले तेच इथे सांगते : थोडी महाग पडली, थोडी उशिरा आली, तरी पल्सरच घ्यावी. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. गल्लीत कोणी जुनी गाडी घेत असेल तर आपण होऊन म्हणावे, कागद जरा मला दाखवा. आपल्या शिक्षणाचा काय उपयोग, असे घरचे विचारतात, त्याचे एक उत्तर तिथे मिळेल. पदवीला अजून अवकाश आहे. आरसीवरचे नाव वाचायला पदवी लागत नाही.