गोठ्याचा जमाखर्च

मावळच्या शेतकऱ्यास शहाणपण शिकविणाऱ्यांची वाण कधींच पडली नाहीं. हल्लीं त्यांचा ठरलेला उपदेश असा कीं, "भाताच्या एका पिकावर बसूं नका, दोन गाई बांधा, दूध घाला, जोडधंदा करा." उपदेश ऐकावयास गोड आहे. पण आम्ही पडलों शाळामास्तर. पोरांकडून बेरीज-वजाबाकी घोटून घेणें हाच आमचा रोजगार. तेव्हां हा जोडधंदा एकदां पाटीवर मांडून पाहूं.

समजा, एक संकरित गाय दिवसाला १० लिटर दूध देते. तिच्या अंगपोषणाला दीड-दोन किलो आणि दर लिटर दुधामागें सुमारें ४०० ग्रॅम, मिळून ६ किलो खुराक लागतो. किलोला ३० रुपये धरले तर १८० रुपये झाले. २० किलो हिरवी वैरण ४ रुपये दरानें ८० रुपयांची, आणि ६ किलो पेंढा ५ रुपयांप्रमाणें ३० रुपयांचा. एकूण खर्च २९० रुपये. आतां जमेची बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्यें गाईच्या दुधास सरकारनें ठरवून दिलेला भाव लिटरला २८ रुपये होता. म्हणजे २८० रुपये आले आणि १० रुपये अंगावर पडले! त्यावर लिटरमागें ७ रुपये अनुदान जाहीर झालें. तें पदरांत पडलें तर ६० रुपये उरले. या ६० रुपयांत डॉक्टर, औषध, रेतन, कर्जाचें व्याज, आणि गाय आटल्यावरचे दोन महिने तिला फुकट पोसणें, हें सारें बसवावयाचें. त्याच सालीं रोजगार हमीच्या कामावर एका माणसाची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. पहाटे उठून शेण काढणारी, धार काढणारी, डोंगरावरून गवताचा भारा डोक्यावर आणणारी घरची बाई या जमाखर्चांत कोठेंच दिसत नाहीं. तिची मजुरी कोणी धरीत नाहीं, म्हणूनच हा धंदा चाललेला दिसतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, पेंढा घरचा, गवत रानचें, तें विकत कशाला धरतां?" पेंढा घरचा खरा, पण तो पिकविण्यास घाम गळलाच ना? आणि रान तरी कोठें राहिलें आहे? जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं लिहिला. जंगलखात्यानें गुरांचीं चराऊ रानें घेतल्याची तक्रार त्यांतच आहे. पुढें वीज करण्यासाठीं वळवण, ठोकरवाडी येथें पाणी अडलें. १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांस उजेड व बळ मिळालें. आमच्या खोऱ्यांतील सखल जमीन मात्र पाण्याखालीं गेली. मागून पवना धरण आलें. २००२ सालीं द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि डोंगरउतारांस बंगल्यांचीं कुंपणें पडलीं. जेथें गुराखी गुरें हांकीत असे, तेथें आतां पहारेकरी गुराख्यासच हांकून लावतो. पावसाळ्यांत गवत उदंड, पण पाणचट. त्यानें पोट भरतें, दूध चढत नाहीं. उन्हाळ्यांत डोंगर करपले कीं वैरण देशावरून गाडीभाडें भरून आणावी लागते.

दुसरी गोष्ट बैलाची. १९७६ च्या कायद्यानें गाय कापण्यास बंदी होती, पण थकलेला बैल विकतां येत असे आणि त्या पैशांत भर घालून शेतकरी नवा खोंड आणीत असे. ४ मार्च २०१५ पासून बैल व वळू यांसही ती बंदी लागू झाली. थकल्या बैलाची किंमत गेली; त्याचें खाणें मात्र तेंच राहिलें. गाईस माता म्हणणाऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. पण पूजा करणारे गांवभर आणि वैरण घालणारा एकटा, ही कोठची भक्ति? ज्यास जनावर वांचवावयाचें आहे त्यानें वैरणीचा वांटाही उचलावा.

सांथ आली तर विचारूंच नका. २०२२ सालच्या लंपी रोगांत मेलेल्या दुभत्या गाईमागें सरकारनें ३०,००० रुपये ठरविले. तेवढ्यांत तशी दुसरी गाय बाजारांत कोण देतो?

मग गोठे मोडावे काय? नाहीं. सरकारनें दुधाचा भाव खुराकाच्या भावाशीं बांधावा. पेंड महागली कीं दूधही चढलें पाहिजे. अनुदान मागणें ही भीक नव्हे, पण भाव मागणें हा हक्क आहे. बैल कापण्यास मनाई करणाऱ्या सरकारनें तो पोसण्याची सोय करावी. आणि आपणही हातपाय हालवावे. २०२४ सालीं शेतकऱ्यापासून २८ रुपयांस घेतलेलें दूध पिशवींत शिरलें कीं गिऱ्हाइकास पन्नासाच्या वर पडत असे. लोणावळ्यास शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याची गर्दी लोटते; तिच्या चहांत दूध कोणाचें पडतें? आंदर, नाणे आणि पवन मावळांतील दहा-दहा गांवांनीं एक होऊन तें दूध थेट कां पुरवूं नये? गुजराथेंतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनीं १९४६ सालीं आपला संघ काढला तेव्हां तेही आपल्यासारखेच एकदोन म्हशींचे धनी होते.

तेव्हां शेतकरी बंधूंनो, पुढच्या ग्रामसभेंत दोन कामें करा. गांवचें गायरान कागदावर किती आणि जाग्यावर किती, हें वाचून दाखवावयास लावा. आणि घरीं एक वही घाला; तींत खुराक लिहा, दूध लिहा, आणि घरच्या बाईची मजुरीही लिहा. पोराला लिहितां येतें, त्याला बसवा. ज्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत, त्याचा नफाही दुसऱ्याच्याच घरांत.