हिरकणीचा कडा आणि बंद दरवाजे

कोजागिरीच्या दिवशी दूध घालण्यासाठी रायगडावर गेलेली हिरकणी आणि सूर्यास्त होताच बंद झालेले गडाचे दरवाजे, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. घरी तान्हे बाळ भुकेने रडत असेल, या एकाच विचाराने ती माउली काळोखात कडा उतरली. अंग ओरबाडले गेले, लुगडे फाटले, पण ती बाळापर्यंत पोहोचली. हे कळल्यावर महाराजांनी तिला शिक्षा केली नाही; तिचा गौरव केला आणि ती वाट जेथून उतरली तेथे बुरूज बांधविला. इतिहासाच्या कसोटीवर ही आख्यायिका किती उतरते, हा अभ्यासकांचा विषय आहे. समाजमनाने मात्र तिला केव्हाच आपलेसे केले. एसटीच्या गाड्यांना तिचे नाव मिळाले, स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्या 'हिरकणी कक्ष' झाल्या, २०१९ साली तिच्यावर चित्रपटही आला.

या कथेत हिरकणीचे धाडस सर्वांना दिसते. पण तिच्यात आणखी एक पात्र आहे, ज्याचे नाव कोणी विचारत नाही. ते म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी. तो दुष्ट नव्हता. त्याने तिचा अपमान केला नाही, की तिला हाकलून दिले नाही. नियम पाळणे हे त्याचे कर्तव्य होते आणि तो ते करीत होता. तरीही एका आईला जिवावर उदार होऊन कडा उतरावा लागला. राजाने तिच्या मायेची कदर केली, गडाच्या रक्षणातील उणीव हेरली आणि ती दूर केली. कथा तेथे संपते. दुसऱ्या दिवशी एखादी लेकुरवाळी सूर्यास्ताला गडावर अडकली, तर तिने काय करायचे, हे कथा सांगत नाही. तो प्रश्न तिने पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवला आहे.

नाळ तुटते, बंध तुटत नाही

मातृत्वाचा आनंद शब्दांत सांगण्याचा प्रयत्न थोरामोठ्यांनी केला आणि ते थकले. बाळाची नाळ कापली की देह वेगळे होतात. बंध मात्र तेथूनच दृढ होऊ लागतो. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत अर्भक आईचा आवाज इतर आवाजांतून वेगळा ओळखते. शेजारच्या खोलीत बाळ रडले की आईला पान्हा फुटतो. तिने ठरवून नव्हे, तर देहाने आपणहून. पहिले हसू, पहिला दात, पहिले अडखळते पाऊल या घटना जगाच्या दृष्टीने क्षुल्लक असतात. ज्या घरात त्या घडतात, तेथे मात्र त्या सणाहून मोठ्या असतात. हा बंध केवळ रक्ताचा असतो, असेही नाही. देवकीच्या पोटी जन्मलेल्या कृष्णाला समाज यशोदेचा कान्हा म्हणून आळवतो. यातच या भूमीचा मातृत्वविषयक विचार सामावलेला आहे. जन्म देणे ही मातृत्वाची सुरुवात असेल. पण रात्री जागविणे, भरविणे, घडविणे म्हणजे मातृत्व.

हे जागरण एकटीचे नसते, हे जुन्या घराला ठाऊक होते. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालणारी अनुभवी बाई, या सर्व रूढींकडे आज कौतुकाने पाहिले जाते. वस्तुतः ती एक व्यवस्था होती. बाळंतिणीच्या वाटचे काम आई, आजी, काकू, मावशी वाटून घेत आणि तिला फक्त बाळाकडे पाहण्याची मोकळीक मिळे. एकत्र घरे विभागली, माणसे शहरांत पांगली. अळिवाची खीर कशीबशी टिकली, पण काम वाटून घेणारे हात गेले. मातेविषयीचा पूज्यभाव राहिला आणि त्यामागची व्यवस्था मात्र ढासळली.

अर्थात जुने सारेच सोन्याचे होते, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. त्याच घरांतून कोवळ्या वयात मातृत्व लादले गेले आणि कित्येक पाळणे हलण्यापूर्वीच थांबले. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. योग्य उपचारांअभावी त्यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. असे दुःख त्या काळी हजारो मुलींनी पदराआड गिळले असेल. आनंदीबाईंनी त्याचा संकल्प केला. सातासमुद्रापलीकडे जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. स्वतःचे बाळ त्यांना परत मिळणार नव्हते. इतर मातांसाठी दरवाजा उघडावा, एवढीच त्यांची धडपड होती.

नियम आहेत, वाट नाही

आज कायद्याने काही दरवाजे निश्चितच उघडले आहेत. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे पाऊल स्तुत्यच होते. पण हिशेब मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, असे सांगते. २६ आठवड्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घ्यावे लागले, तर बाळाच्या वाट्याला १८ आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने उरतात. शिवाय कर्मचारी विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत या रजेच्या वेतनाचा भार एकट्या मालकावर पडतो. परिणामी लहान व्यावसायिक तरुण विवाहितेला नोकरी देतानाच कचरतो. मातृत्वाचा लाभ साऱ्या समाजाला आणि खर्च एकाच्या माथी, अशा रचनेत दरवाजा उघडतो तो अर्धाच.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन आल्या. त्यांचे सर्वत्र कौतुक झाले, छायाचित्रे झळकली, हिरकणी कक्षही उभा राहिला. पुढच्याच अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधान भवनातील कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, असे त्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगावे लागले. राज्याचे कायदे जेथे होतात, त्या वास्तूत एका लोकप्रतिनिधीची ही कथा. मग जिच्यासाठी कॅमेरे येत नाहीत, तिचे काय?

ती ऊसाच्या फडात उभी आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, असा तेथला हिशेब. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून एक दिवसही चुकवून चालत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे उठून कोपीवर भाकऱ्या थापायच्या, बाळाला बांधावरच्या झोळीत निजवायचे आणि मोळ्या बांधायला लागायचे. प्रसूतीची रजा हा शब्दच तिच्या जगात नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण उघडकीस आले, तेव्हा शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ज्या समाजात कुशीला देवत्व आहे, त्याच समाजात कुशीचीच अडचण व्हावी, याहून लाजिरवाणी विसंगती कोणती?

घरातला पहारेकरी

सरकारने काय करावे, हे सांगणे सोपे आहे आणि ते सांगितलेही पाहिजे. परंतु सर्वांत जवळचा दरवाजा घरातच असतो. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला बाळाच्या जन्मानंतर १५ दिवसांची रजा मिळते. ही रजा बारशाच्या तयारीत आणि पाहुण्यांच्या सरबराईत संपते, की बाळंतिणीला रात्री चार तास सलग झोप मिळावी म्हणून खर्ची पडते? आईच्या त्यागाची भाषणे ऐकून डोळे पुसणारा मुलगा घरी आल्यावर तिच्या हातातील भांडे घेतो काय? सुनेला कामावर परतायचे असेल, तर सासू तिच्याकडे संशयाने पाहते, की नातवंडाला मांडीवर घेते? येथे कोणी दुष्ट नसतो. 'आमच्या घरात असेच चालते' एवढेच शब्द असतात आणि दरवाजा बंद होतो. त्यागाचा महिमा गाणे ही जेव्हा मदत न करण्याची सबब ठरते, तेव्हा त्या स्तुतीला काही अर्थ उरत नाही.

रायगडाने दोन माता पाहिल्या. एक कड्यावरची हिरकणी. दुसरी पायथ्याच्या पाचाडला चिरविश्रांती घेणारी जिजाऊ. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात गेला, ते दुःख तिने पचविले. १६६६ साली धाकटा पुत्र आग्र्यात शत्रूच्या कैदेत असताना तिने राज्याची काळजी वाहिली. ६ जून १६७४ रोजी त्याचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला तिने डोळे मिटले. मातृत्वाचे सुख आणि दुःख इतक्या जवळजवळ क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. पण जिजाऊ एकटीने कडा उतरणारी आई नव्हती. तिच्या शब्दाला वजन होते, तिच्या हाती अधिकार होता आणि पाठीशी माणसे होती; म्हणूनच तिच्या मायेतून राज्य घडले.

हिरकणीचे कौतुक जरूर व्हावे. तिचा बुरूज युगानुयुगे उभा राहो. मात्र ज्या समाजात प्रत्येक आईला हिरकणी व्हावे लागते, त्याने आपल्या मातृभक्तीचा अभिमान बाळगण्यापूर्वी आपल्या दरवाजांकडे एकदा पाहावे. सूर्य मावळण्यास अजून अवकाश आहे. खाली वाडीत कोणाचे तरी बाळ वाट पाहत आहे.