खतावणीवरचे तास आणि पदवीचे श्रेयांक

महाराष्ट्रात हिशेबाच्या व्यवसायाचे परवाने अनेक प्रकारचे असले, तरी लहान गावातल्या नोकरदाराच्या आवाक्यातल्या दोन परवान्यांच्या दाराशी विद्यापीठाची पदवी उभी आहे. व्यापाऱ्यांच्या वतीने वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणारा आणि प्रसंगी कर अधिकाऱ्यापुढे त्यांची बाजू मांडणारा ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ म्हणून नोंदणी करायची असेल, तर केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ८३ प्रमाणे वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांपैकी एका विषयाची पदवी लागते. सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होण्यासाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका, म्हणजे सहकार व लेखाशास्त्राची शासकीय परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्या परीक्षेला बसण्याची अटही पदवी हीच आहे. सनदी लेखापाल, ज्याला सर्वजण सी.ए. म्हणतात, बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेच्या मार्गाने पदवीशिवायही होता येते. परंतु ती वाट इतकी लांब आणि खर्चाची आहे, की घर चालवण्यासाठी अठराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलामुलींपैकी फार थोडे तिच्याकडे वळू शकतात.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी योग्य उदाहरण आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभरातील जैन यात्रेकरू तेथे येतात, आणि तीर्थक्षेत्र म्हटले की विश्वस्त संस्था, धर्मशाळा, भोजनशाळा, देणग्यांच्या पावत्या आणि त्यांचा वर्षअखेरचा हिशेब हे सारे ओघाने येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे अशा संस्थांच्या हिशेबाचे लेखापरीक्षण होणे आवश्यक असते. भोवतालचा मुलूख सोयाबीन आणि तुरीचा असल्याने भुसाराची दुकाने, कृषी सेवा केंद्रे आणि मालवाहतूक यांचा व्यवहार मोठा आहे, तर पतसंस्था आणि सेवा सहकारी सोसायट्यांचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली दरवर्षी करावे लागते. हिशेब लिहिणाऱ्यांची गरज अशा गावाला कधीच कमी नसते. उणीव असते ती त्या हिशेबावर अधिकाराने सही करू शकणाऱ्यांची.

हे काम आज कोण करते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाची खोली कळते. पूर्वी दिवाणजी किंवा मुनीम कीर्द आणि खतावणी लिहीत असे, म्हणजे दिवसाचा व्यवहार आधी रोजच्या वहीत आणि तेथून प्रत्येकाच्या खात्यावर उतरवत असे. आता तेच काम टॅली या संगणकप्रणालीवर होते आणि ते करणारा तरुण बहुधा बारावी झालेला असतो. खरेदी-विक्रीची बिले चढवणे, बँकेच्या पासबुकाशी शिल्लक जुळवणे, ई-वे बिल काढणे, पुरवठादाराने भरलेला कर आपल्या खात्यात वजावटीसाठी दिसतो की नाही हे तपासणे आणि महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आत विवरणपत्रे तयार ठेवणे, ही कामे तो वर्षानुवर्षे बिनचूक करतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे नियमित पगारी नोकराला आपल्या मालकाचा प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्यापुढे उभे राहता येते, पण शेजारच्या दुकानदाराचे तेच काम त्याने प्रतिनिधी या नात्याने करायचे म्हटले तर तो अपात्र ठरतो, कारण त्यासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी पदवी हवी. ज्ञान तेच, काम तेच, हात तोच असताना अधिकार मात्र मालकाच्या उंबऱ्यापाशी संपतो, ही विसंगती गंभीर आहे.

अनुभवाला पात्रता मानणे कायद्याला अपरिचित आहे, असेही नाही. त्याच नियम ८३ मध्ये जुन्या विक्रीकर कायद्याखाली किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्या व्यक्तींना आणि कर खात्यातून निवृत्त झालेल्या राजपत्रित अधिकाऱ्यांना पदवीच्या अटीशिवाय वाट दिलेली आहे. इतिहासातही हेच दिसते. १९१३ च्या कंपनी कायद्याने भारतात लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न प्रथम कायद्यात आणला, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले, आणि १९१८ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी या परीक्षेने मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखालची तीन वर्षांची उमेदवारी हा पात्रतेचा अविभाज्य भाग ठरवला. १ जुलै १९४९ पासून अस्तित्वात आलेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेने तीच परंपरा ‘आर्टिकलशिप’ या नावाने पुढे चालवली आहे. हिशेबाचा व्यवसाय कामावर बसून शिकायचा असतो, ही समज या देशात विद्यापीठांच्या वाणिज्य शाखेइतकीच जुनी आहे.

अडचण निर्माण होते ती कामावरचे शिक्षण आणि विद्यापीठ या दोन व्यवस्था एकमेकींचा वेळ मोजत नाहीत म्हणून. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी आता श्रेयांकांत मोजली जाते. श्रेयांक म्हणजे शिकण्यासाठी दिलेल्या वेळेचे एकक, आणि एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात एका श्रेयांकासाठी ३० तास, असे हे गणित आहे. महाराष्ट्र शासनाच्या त्याच महिन्यातील निर्णयाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. आता सी.ए.च्या उमेदवाराकडे पाहावे. २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली आणि आठवड्याला किमान ३५ तास काम ही अट कायम आहे. वर्षाचे ४८ आठवडे धरले तरी दोन वर्षांत ३,३६० तास होतात, आणि आराखड्याच्याच मापाने त्यांचे ११२ श्रेयांक होतात. पदवीच्या रचनेत मात्र प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी साधारण चार श्रेयांकांचीच जागा आहे, म्हणजे १२० तासांची. उरलेल्या ३,२४० तासांची विद्यापीठाच्या दप्तरी कोठेही नोंद होत नाही.

याहून खटकणारी गोष्ट अशी, की विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२१ मध्ये सी.ए. ही पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली. शिखर गाठलेल्याला पदव्युत्तराचा मान मिळतो, पण त्याच चढणीवर मध्येच थांबावे लागलेल्याच्या, म्हणजे इंटरमीडिएट ही मधली परीक्षा उत्तीर्ण होऊन आर्टिकलशिप पूर्ण केलेल्या आणि फायनल या शेवटच्या परीक्षेत अडकलेल्या उमेदवाराच्या, हाती विद्यापीठाचा एकही श्रेयांक पडत नाही. अशा उमेदवारांना वाटेत सोडून देणे हे व्यवस्थेचे मोठे अपयश आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सनदी लेखापाल संस्थेशी करार करून वाणिज्य पदवीचा एक अभ्यासक्रम आखला होता, ज्यात संस्थेच्या परीक्षेतील विषय पदवीसाठी ग्राह्य धरले जात आणि विद्यार्थ्याला विद्यापीठाचे थोडेच विषय वेगळे द्यावे लागत. म्हणजे असा मार्ग केवळ कल्पनेतला नाही.

नोकरी करून नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्याची कोंडी हजेरीपासून सुरू होते. साधारण ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते आणि वर्ग दिवसाच भरतात. शिवाय आर्टिकलशिप करणाऱ्याला दुसरा अभ्यासक्रम करण्यासाठी संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि महाविद्यालयाची वेळ कामाच्या वेळेत येता कामा नये, अशी अपेक्षा असते. दोन्ही अटी एकाच वेळी प्रामाणिकपणे पाळणे बहुतेकांना शक्य होत नाही, आणि मग नावापुरता प्रवेश व कागदावरची हजेरी ही प्रथा रूढ होते, जिची कुजबुज सर्वत्र असते पण चर्चा कोठेही होत नाही. हिशेबाचा व्यवसाय ज्या सचोटीवर उभा आहे, तिचे पहिले पाऊल खोट्या हजेरीवर पडावे, ही या व्यवस्थेने तरुणांवर लादलेली नामुष्की आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून या कोंडीतून सन्मानाने बाहेर पडण्याची वाट दिली आहे. तेथील वाणिज्य पदवी मराठीतून करता येते आणि तिला नियमित पदवीइतकीच मान्यता आहे, याची माहिती अनेक पालकांना अजूनही नसते. तरीही दहा वर्षे टॅली हाताळलेल्या विद्यार्थ्याला तेथेही लेखाशास्त्राचा पहिला धडा नव्यानेच गिरवावा लागतो.

तासांची अट कामापासून तुटली की काय होते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून समजते. तेथे सी.पी.ए. या लेखापालाच्या परवान्यासाठी नेहमीच्या पदवीच्या १२० श्रेयांक-तासांऐवजी १५० ची अट फ्लोरिडाने १९८३ मध्ये प्रथम लावली आणि पुढे ती सर्व राज्यांत पसरली. वाढीव ३० तास कोणत्या विषयाचे असावेत यावर बहुतेक ठिकाणी फारसे बंधन नसल्याने अनेक नोकरदार उमेदवारांनी ते स्वस्तात मिळतील त्या विषयांनी भरून काढले, आणि ज्यांना आणखी एका वर्षाचे शुल्क परवडत नव्हते ते या व्यवसायापासून दूर राहिले. भारतातून सी.पी.ए.ची परीक्षा देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनाही याची झळ बसते, कारण तीन वर्षांची भारतीय बी.कॉम. तिकडे बहुधा ९० तासांचीच मोजली जाते आणि उरलेल्यासाठी एम.कॉम. किंवा तत्सम पदवी जोडावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो राज्याने कायदा करून १२० तासांची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्याय मान्य केला, व इतर राज्येही त्याच दिशेने निघाली. चाळीस वर्षांनी त्या देशाने अनुभवाचे मोल पुन्हा मान्य केले. महाराष्ट्राला त्यासाठी तितकी वर्षे घालवण्याचे कारण नाही.

कामाच्या अनुभवाला पदवीचे श्रेयांक मिळावेत, या मागणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. रोज तीच तीन प्रकारची बिले चढवणाऱ्याचे पाच वर्षांचे काम म्हणजे पाच वर्षांचे शिक्षण नव्हे. घसारा का काढतात, ताळेबंदातली देणी कशी ओळखायची, भागीदार निवृत्त झाला तर खाती कशी मिटवायची, हे त्याला माहीत असेलच असे नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच केवळ नोकरीच्या दाखल्यावर श्रेयांक देणे चुकीचे ठरेल. राष्ट्रीय आराखड्यातही अनुभवाला श्रेयांक देण्यापूर्वी मूल्यमापनाची अट आहे. आर्टिकलशिपच्या बाबतीत कामाचा पुरावा आधीच उपलब्ध असतो, कारण प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र प्रशिक्षक सनदी लेखापाल फॉर्म १०८ मध्ये देतो. दुकानातल्या लेखनिकाजवळ असा कागद नसतो, तेव्हा त्याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी: समोर बिलांचा गठ्ठा आणि बँकेचा उतारा ठेवावा, त्यावरून तेरीज म्हणजे जमा व नावे बाजूंची शिल्लक जुळवून दाखवायला सांगावी, ताळेबंद मांडून घ्यावा, आणि प्रत्येक नोंदीचे कारण मराठीतून विचारावे. जो उतरेल त्याला लेखाशास्त्र, कर आणि लेखापरीक्षण या विषयांचे, पदवीच्या सुमारे एक तृतीयांश भरतील इतके, म्हणजे ४० श्रेयांक द्यावेत. अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र आणि भाषा हे विषय त्याने शिकलेच पाहिजेत, कारण परवानाधारक माणूस केवळ आकडे जुळवणारा असून चालत नाही.

अशी परीक्षा घेऊन श्रेयांक देण्याचे काम संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने हाती घ्यावे, कारण वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत, आणि मुक्त विद्यापीठाने त्यास साथ द्यावी. परीक्षेची वेळ ठरवताना मात्र नेहमीचे वेळापत्रक बाजूला ठेवावे लागेल. हिवाळी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तेव्हा बाजारात सोयाबीनची आवक भरात असते आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुनी खाती मिटवायची असतात. उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर मार्चअखेर असते. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आयकराची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ‘मागणीनुसार परीक्षा’, म्हणजे विद्यार्थी तयार होईल तेव्हा घेतली जाणारी परीक्षा, ही पद्धत शालेय स्तरावर पूर्वीच रुळवलेली आहे. तीच पदवीच्या या भागासाठी स्वीकारून वाशीम येथे केंद्र ठेवले, आणि कराची विवरणपत्रे भरून झाल्यानंतरच्या, म्हणजे महिन्याच्या २१ तारखेनंतरच्या, रविवारी ती घेतली, तर शिरपूरच्या लेखनिकाला मालकाकडे रजा मागण्याचीही गरज उरणार नाही.