‘केस’ बाईचीच

मार्चअखेर जवळ आली की ग्रामीण रुग्णालयांच्या बोलण्यात एक शब्द वाढतो : केस. ‘आज किती केसेस?’, ‘तुमच्या उपकेंद्राची एकच कशी?’ कुटुंब नियोजनाची संख्यात्मक लक्ष्ये केंद्र सरकारने १९९६ मध्येच रद्द केली. कर्मचाऱ्यांच्या तोंडून ती अजून गेलेली नाहीत. केस म्हणजे बाई. पंचविशी जेमतेम ओलांडलेली, दोन लेकरांची आई, रात्रीपासून उपाशी, गाऊन घालून बाकावर नंबराची वाट पाहणारी. तान्हे सासूच्या मांडीवर. नवरा आवाराबाहेर चहाच्या टपरीवर.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. देशाचा आकडा ३७.९ विरुद्ध ०.३ असा आहे. वास्तविक बाईच्या शस्त्रक्रियेत टाका घाला वा दुर्बीण, पोटात शिरून बीजवाहिन्या गाठाव्या लागतात. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कातडीला भूल देऊन, बारीक छिद्रातून होते. तो त्याच दिवशी घरी जातो. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे, एवढेच पथ्य. तरीही ‘त्यांना कष्टाचं काम असतं’ हे कारण घरोघरी चालते. ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर वाहणारी बाई जणू बसून खाते!

हे नेहमीच असे नव्हते. जुलै १९७१ मध्ये एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात सुमारे ६३ हजार पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या, कितीतरी बळजबरीने. आणि सरकार पडले. त्यातून राज्यकर्ते शिकले काय, तर पुरुषांच्या वाटेला जायचे नाही. ‘नियोजना’चे ‘कल्याण’ झाले आणि दुर्बीण बायकांकडे वळली. त्या मतपेटीतून सूड घेणार नाहीत, हा हिशेब अचूक निघाला. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका रुग्णालयात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या. तेरा जणी दगावल्या. तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले.

आमचा आक्षेप शस्त्रक्रियेला नाही. बाळंतपणांनी पिचलेल्या बाईला ती मोठी सुटका वाटते, आणि ती खरी सुटका असतेही. आक्षेप आहे तो कायमचा उपाय हाच पहिला उपाय ठरण्याला. तांबी बसवून न घेता, गोळी कधी हाती न पडता असंख्य बायका थेट टेबलावर पोचतात. ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी सरकारी योजनेत २०१७ मध्ये आली. गावात विचारून पाहा, नावे किती जणींना ठाऊक आहेत. पुढे मूल दगावले, दुसरा संसार मांडला, तर बांधलेली नळी जोडणे अवघड, खर्चीक आणि बेभरवशाचे.

नियमांनुसार नवऱ्याच्या सहीची गरज नाही. तरी ‘मालकांना घेऊन या’ हे खिडकीवर ऐकावे लागतेच. उलट, मूल नकोच असे पक्के ठरवलेली तिशीतली बाई सरकारी दवाखान्यात गेली, तर किमान एक मूल हवे, या अटीवर तिला परत पाठवतात. तिच्या निर्णयावर विश्वास ठेवायला आपली व्यवस्था अजून तयार नाही. अट शिथिल करण्याचा विचार तरी सुरू व्हावा.

निदान एवढे लगेच करता येईल : सगळ्या साधनांची माहिती बाळंतपणानंतरच्या गडबडीत न देता सातव्या महिन्याच्या तपासणीलाच द्यावी, दोघांना समोर बसवून, आणि सुरुवात पुरुषाच्या शस्त्रक्रियेपासून करावी. त्यासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती करू शकणारा डॉक्टर लागेल. नवरा तर टपरीवर असतोच, त्याला आत बोलावायला एक शिपाई पुरे.