कोरड्या पायांचे दर्यावर्दी

पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते, हे पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेल्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा समुद्राचे शास्त्र घरच्या टेबलाशी, पंख्याखाली बसून शिकवतात असे कोणी सांगितले, तर वाचकहो, आधी हसूच यायचे. मलाही आले.

पण हसू आवरून पाहावे. मोठ्या संशोधन-नौकेवरसुद्धा शास्त्रज्ञांसाठी तीस-चाळीस बिछाने असतात. त्यावर हक्क सांगणारे प्राध्यापक आधीच रांगेत. ज्या देशाकडे अशी नौकाच नाही, तिथल्या नुकत्या एम. एस्सी. झालेल्या मुलाने काय करावे? त्याच्यासाठी युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाची ‘ओशनटीचर’ नावाची शाळा आहे. तिचे मूळ ठाणे बेल्जममधील ओस्टेंड येथे. प्रादेशिक केंद्रांपैकी एक हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत. २०२० साली कोविडच्या साथीने नौका धक्क्याला लागल्या, प्रवास थांबले, आणि असे वर्ग दुरून भरवणे भागच पडले. साथ ओसरली, तरी ती वाट मोडली नाही.

या वर्गात शिकवतात तरी काय? ‘आर्गो’ फ्लोटचेच उदाहरण घेऊ. माणसाएवढे एक नळकांडे हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर मुकाट वाहत असते. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत उतरते, वर येता येता पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजते, उपग्रहाकडे आकडे धाडते आणि पुन्हा बुडी मारते. जगाच्या समुद्रांत असे चार हजारांच्या आसपास फ्लोट आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही फुकट मिळतात. आता समजा, एका फ्लोटचा खारटपणा महिन्यामागून महिने किंचित वाढताना दिसतो. समुद्र खारट होतो आहे, की यंत्र बिघडले आहे? विद्यार्थ्याने मग अगदी खोलवरचे आकडे पाहायचे, कारण तिथले पाणी सहसा बदलत नाही. शेजारच्या फ्लोटांशी ताडून पाहायचे. त्या भागात पूर्वी नौकेवरून घेतलेली मापे काढायची. मगच निवाडा.

आम्हा मराठीच्या मास्तरांना हा उद्योग ओळखीचा वाटतो. पोथीत एखादा चमत्कारिक शब्द आला की तो कवीचा की नक्कल करणाऱ्याचा, हे ठरवायला चार पोथ्या शेजारी मांडाव्या लागतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो काही ज्ञानेश्वरांना समोर बसवून नव्हे. हे काम दुरूनच व्हायचे. आणि ते दुय्यम मुळीच नाही.

याहून नवलाची तऱ्हा म्हणजे २०१० ची अमेरिका-इंडोनेशिया मोहीम. ‘ओकेआनोस एक्सप्लोरर’ ही नौका सुलावेसीच्या उत्तरेस होती. तिने सोडलेले यंत्र कावियो बारात या तळापासून दहा हजार फुटांहून उंच असलेल्या बुडालेल्या ज्वालामुखीवर फिरत होते. त्याची चित्रे उपग्रहामार्फत जकार्ता आणि सिअ‍ॅटल येथे त्याच क्षणी उमटत आणि किनाऱ्यावर बसलेले शास्त्रज्ञ नौकेशी बोलून पाहणीत भाग घेत. बिछाना एक, डोळे मात्र पन्नास!

तरीही माझी एक तक्रार आहे. आकडा बिघडतो तो पडद्यावर नव्हे. यंत्रावर शेवाळ चढते तेव्हा तो बिघडतो. खोलवर सोडलेल्या बाटलीचे झाकण नीट मिटत नाही तेव्हा, आणि रात्री दोन वाजता, पोटात ढवळत असताना, कोणी नमुन्यावर भलतीच चिठ्ठी चिकटवतो तेव्हा. हे ज्याने एकदा पाहिले, त्याची शंका योग्य जागी जाते.

शिवाय दूर बसणे ही सोय आहे, की ‘तुम्ही तिकडेच बसा’ ही आज्ञा, हेही विचारले पाहिजे. मेरी थार्प न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत काम करी. बायकांना तिथल्या नौकेवर मज्जाव होता. तिचा सहकारी ब्रूस हीझेन समुद्रावरून खोलीची मापे आणी. ही टेबलाशी बसून आराखडे काढी. १९५२ मध्ये तिला अटलांटिकच्या मधोमध डोंगररांगेच्या माथ्यावर एक खाच दिसली, एका आराखड्यात नव्हे, एकापाठोपाठ एक. समुद्राचा तळ दुभंगतो आहे, असा त्याचा अर्थ. हीझेनने प्रथम ते झटकून टाकले. पुढे भूकंपांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा ती नेमकी त्या खाचेवर पडली आणि त्याला मानावे लागले. इतके सारे तिने किनाऱ्यावरून केले, आणि पहिल्यांदा संशोधन-नौकेवर चढली ती १९६८ मध्ये! दूरस्थ शिक्षणाच्या समर्थनार्थ तिचे नाव घेणाऱ्यांनी मधली सोळा वर्षे गाळू नयेत.

आपल्याकडचे उदाहरण अधिक सुखाचे. नागपूरला जन्मलेल्या आणि पुण्यात पदवी घेतलेल्या अदिती पंत यांना समुद्राची ओढ लावली ती अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने. पुस्तक हाही दूरस्थ वर्गच की! पण त्या पुस्तकापाशी थांबल्या नाहीत, आणि त्यांना थांबवलेही गेले नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी काम केले, आणि १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या अंटार्क्टिकाला पोचल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया.

म्हणून दूरस्थ वर्ग चालवणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. प्रमाणपत्रे किती वाटली, हा आकडा अहवालात जरूर छापा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: त्यांतल्या कितीजणांना पुढल्या दोन वर्षांत नौकेवर बिछाना मिळाला?